टेबलापाशी राहिलेली वीतभर जागा

परवा दुपारी आई घरभर हाका मारत होती, "अगं, आहेस कुठे?" मी गॅलरीत होते. नऊ वर्षांत पहिल्यांदाच तिला मला शोधावं लागलं. अपघातानंतर मी कुठे आहे हे घरात सगळ्यांना कायम ठाऊक असायचं, कारण तिथे मला त्यांनीच नेऊन ठेवलेलं असायचं.

विजेवर चालणारी नवी चाकांची खुर्ची येऊन चार महिने झाले. मानेच्या मणक्याला इजा झाल्यापासून माझी बोटं मिटत नाहीत. कोपर वाकतं, मनगट वर उचलता येतं, बस. साधी जॉयस्टिक, म्हणजे खुर्ची चालवायची छोटी दांडी, हातातून निसटायची. थेरपिस्टताईंनी तिच्या जागी यू आकाराची मूठ बसवली, तिच्यात हात अडकून राहतो. मग लॅपटॉप जोडून दोन तास त्या सेटिंग करत बसल्या: हाताला झटका आला तर खुर्चीने उसळी मारू नये, वेग हळूहळू वाढावा, वळताना कमी व्हावा. खुर्ची खरी हुशार झाली ती त्या दोन तासांत, असं मला मनापासून वाटतं.

कॅनडाच्या जॉर्ज क्लाइन यांनी दुसऱ्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांसाठी विजेवरची खुर्ची तयार केली, तेव्हाही प्रश्न हाच होता. हातात ताकदच नसेल तर चाकं फिरवायची कशी?

समोर अडथळा आला की खुर्ची थांबवणाऱ्या सेन्सरशी मात्र माझं पहिले काही दिवस अजिबात जमेना. तो ध्वनिलहरी सोडतो आणि त्या आदळून परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतो. त्याच्या लेखी टेबल म्हणजे अडथळा. टेबलापासून वीतभर अंतरावर खुर्ची थांबायची ती थांबायचीच. मोटरचा ब्रेक लागलेला, त्यामुळे मागून ढकलूनही हलेना. शेवटी आईने टेबलच माझ्याकडे ओढलं. आणि उतरती पायरी? तिथून लहर परत येणार कशी! समोर रोखलेल्या सेन्सरला खाली गेलेली जमीन दिसत नाही. जिथे खरा धोका, तिथे तो गप्प. म्हणून आता वेग कमी असला की त्याने फक्त आवाज करायचा असं ठरवून घेतलंय. थांबायचं की नाही ते मी ठरवते.

पण सगळ्यात मोठं सुख वेगळंच आहे. एकाच जागी बसून कातडीवर दाब येतो आणि मला तो जाणवत नाही. दर अर्ध्या तासाने दोनेक मिनिटं मागे कलायचं, असं मला सांगितलंय. आधी त्यासाठी कुणाला तरी हाक मारावी लागायची. घरचे जेवत असले, कुणी फोनवर असलं, की मी ‘राहू दे, नंतर’ म्हणायचे. अशा ‘नंतर’मुळेच एकदा जखम झाली आणि तीन महिने कुशीवर पडून काढले. आता मनगटाने बटण दाबते. पाठ आणि बैठक एकत्र मागे झुकतात, पाय वर येतात, दोन मिनिटं छत बघते आणि पुन्हा कामाला लागते. कुणाला कळतसुद्धा नाही.

परवा आई शेवटी गॅलरीच्या दारात आली.

"आत येतेस का?"

"येते थोड्या वेळाने."

"बरं," म्हणाली आणि आत गेली.