शिकागोतला एक चौकोन आणि तीन पोस्ट ऑफिसं

शिकागोला जाणारी मंडळी विलिस टॉवरवर चढतात, ‘बीन’ या चकचकीत शिल्पापाशी फोटो काढतात, मिशिगन तळ्याकाठी फिरतात. मला ओढ होती डिअरबॉर्न, ॲडम्स, क्लार्क आणि जॅक्सन या चार रस्त्यांमधल्या चौकोनाची. अमेरिकेच्या केंद्र सरकारने या एकाच जागेवर तीनदा पोस्ट ऑफिस बांधलं आणि त्यातली दोन पाडूनही टाकली.

विमानतळावरून ब्लू लाइनने निघालं आणि जॅक्सन स्टेशनला उतरलं की जिना चढताच चौक दिसतो. समोर शिल्पकार अलेक्झांडर काल्डरचं ‘फ्लेमिंगो’, ५३ फूट उंच, शेंदरी रंगाचं पोलादी शिल्प. भोवती काळे टॉवर, आणि त्यांच्या शेजारी चारी बाजूंनी काच असलेली एकमजली इमारत. हेच आजचं पोस्ट.

ऑक्टोबर १८७१ च्या भीषण आगीत शहराचं आधीचं पोस्ट ऑफिस जळालं. त्यानंतर या चौकोनात नवी इमारत आली, १८८० च्या सुमाराला. पण शिकागोची जमीन तळ्याकाठची, खाली मऊ चिकणमाती. जड दगडी इमारत कुठे कमी, कुठे जास्त अशी खचत गेली. भिंतींना तडे गेले आणि १८९६ मध्ये ती पाडावी लागली. एवढ्या मोठ्या सरकारी कामाचं आयुष्य अवघं सोळा-सतरा वर्षांचं!

मग हेन्री आयव्ह्ज कॉब या वास्तुविशारदाने घुमटाची इमारत उभारली. १८९९ मध्ये राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ले यांनी कोनशिला बसवली, १९०५ मध्ये काम पुरं झालं. खाली पोस्ट, वर न्यायालयं आणि केंद्र सरकारच्या कचेऱ्या. करचुकवेगिरीबद्दल कुख्यात गुंड अल कपोनला १९३१ मध्ये अकरा वर्षांची शिक्षा झाली ती इथेच. पुढे न्यायालयांना जागा पुरेना. म्हणून आधी डिअरबॉर्नच्या पलीकडे तीस मजली डर्कसन इमारत बांधली, १९६४ मध्ये न्यायालयं तिकडे हलली, आणि १९६५-६६ मध्ये घुमट जमीनदोस्त झाला. मी तो जुन्या छायाचित्रांतच पाहिला आहे, तरी वाईट वाटतंच. जागा कमी पडत होती हे खरं, पण अशी वास्तू दुसऱ्या कामासाठी राखता आली असती.

आणि तरीही वास्तुविशारद मीस व्हान डर रोहने त्या जागी आखलेल्या या चौकाने मला जिंकलं. फरशीच्या सांध्यांची रेघ पायाखालून निघते, काचेखालून लॉबीत शिरते आणि टॉवरच्या खांबांच्या मापाशी जुळते. मी त्या रेघेवरून चालत पोस्टात गेलो. परदेशी टपालाचं गोल तिकीट घेऊन घरी पोस्टकार्ड टाकलं. काउंटरसमोर उभं राहून एकाच नजरेत शिल्प, रस्ता आणि न्यायालय दिसतं. सरकारी कचेरीत इतका उजेड मी क्वचितच पाहिला आहे. मीस १९६९ मध्ये वारला. सगळा चौक पुरा झालेला त्याला पाहता आला नाही.

तिथून पश्चिमेला पंधरा मिनिटं चाललं की नदीपलीकडे व्हॅन ब्युरेन रस्त्यावर जुनं मुख्य पोस्ट लागतं. ही इमारत युनियन स्टेशनच्या रुळांवरच बांधली आहे. टपाल आणि रेल्वेचं नातं इथे जुनं: धावत्या गाडीत पत्रं वर्गवार लावण्याची पद्धत १८६४ मध्ये शिकागो-क्लिंटन मार्गावरच अमेरिकेत रुजली, आपल्या आरएमएससारखी (रेल्वे मेल सर्व्हिस). सिअर्स आणि माँटगोमरी वॉर्ड या कंपन्या कॅटलॉगवरून माल विकत. त्या पार्सलांच्या लोंढ्यासाठी १९२१ ची इमारत १९३२ मध्ये अफाट वाढवली. क्षेत्रफळ सुमारे पंचवीस लाख चौरस फूट! पुढे होणाऱ्या रस्त्यासाठी तिच्या पोटात बोगद्यासारखी वाट ठेवली होती. आज त्या वाटेतून महामार्ग जातो. १९९० च्या दशकात टपाल इथून हललं, मग इमारत वर्षानुवर्षं रिकामी पडली. ती मात्र कोणी पाडली नाही. दुरुस्त होऊन २०१९ पासून तिथे खासगी कंपन्यांची कार्यालयं भरू लागली. व्हॅन ब्युरेनच्या पुलावर थांबलात तर तिची नदीकडची सबंध बाजू दिसते. सकाळी जा, तेव्हा ऊन थेट तिच्यावर असतं.