पहाटेचा काळोख

जून महिना, मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या. रत्नागिरीत मी फिजिओथेरपिस्ट आहे. दारू सोडलेल्यांना व्यायामाला लावणं मला सगळ्यात अवघड जातं.

मिरकरवाड्याकडचा एक खलाशी. सोडून चार महिने झालेले. "दादा, रोज अर्धा तास चाला," असं मी तीनदा सांगितलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेची आठवड्याला 150 मिनिटं माझ्या तोंडात बसलेली. तो मान डोलवायचा, पण विचारलं की खाली बघायचा. मी मनात 'आळशी' म्हटलं होतं. त्याची बोच अजून आहे.

त्या दिवशी दोन्ही गुडघे सोलून आला. मी विचारलं, "पुन्हा घेतलीत?" तो गप्प. बायको म्हणाली, "नाय मॅडम, थेंब नाय. पहाटे चारला चालायला जातात. काळोखात, कोणी बघू नये म्हणून."

मग तो बोलला. "उजेडी चाललो की झोक जातो. नाक्यावरची पोरं विचारतात, सकाळीच लावलीस? सोडली तरी चाल दारुड्याचीच रायली."

डोळे मिटून उभं राहायला सांगितलं, तर लगेच कोलमडला. मी धरला. घोट्यावर टेकवलेल्या ट्यूनिंग फोर्कचा, म्हणजे ठोकल्यावर थरथरणाऱ्या धातूच्या काट्याचा, कंप त्याला कळेना. अंगठ्याची चप्पल वाटेत निसटली तरी पत्ता लागत नाही, म्हणाला. वर्षानुवर्षांच्या दारूने आणि थायमिनच्या, म्हणजे ब-1 जीवनसत्त्वाच्या कमतरतेने पायांच्या नसा खराब होतात. पाय कुठे पडतोय हे पायाला कळेनासं झालं की माणूस डोळ्यांनी तोल सांभाळतो. लोकांपासून लपायला त्याने काळोख निवडला, आणि काळोखात डोळ्यांचाही आधार गेला. चालत नव्हता असं नाहीच. चालून पडत होता, आणि हे मला सांगायची त्याला लाज वाटत होती.

हात न टेकता खुर्चीतून तीनदाच उठता आलं. मांड्याही झिजलेल्या. थायमिनसाठी डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली. चालणं तूर्त बंद. ओटीवर, खिडकीचा गज हाताशी ठेवून, खुर्चीतून ऊठबस. पट्ट्याचे सँडल. रोज रात्री तळवे बघायचे, कारण जखम झाली तरी दुखणार नाही.

"पुढे चालायला लागलात की दिवसाउजेडीच," मी म्हटलं.

वहिनी म्हणाल्या, "मी जाईन सोबत."

तो बराच वेळ सोललेल्या गुडघ्यांकडे बघत राहिला. "नाक्यावरून नको," म्हणाला. "खाडीकडून जाऊ."