तुम्ही विचारलंत म्हणून: वेबसाईट झाली, आता गिऱ्हाईक कधी येणार?

माझं बेळगावात, टिळकवाडीत वेबसाईट करून द्यायचं छोटंसं ऑफिस आहे आणि तिथं मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न एकच. साईट लाईव्ह झाली, घरच्यांना दाखवून झाली, व्हॉट्सॲप ग्रुपवर अभिनंदनाचे अंगठे येऊन गेले, की महिन्या-दीड महिन्यात फोन येतो, "ताई, वेबसाईट झाली की ओ, पण गिऱ्हाईक कुठं येतंय?" उद्यमबागेतल्या फौंड्रीवाल्या काकांनी विचारलंय, शहापुरातल्या साडीवाल्या वहिनींनी विचारलंय, खानापूरकडं होमस्टे चालवणाऱ्या पोरांनी विचारलंय. फोनवर उत्तर अर्धंच देऊन होतं, मधेच दुसरा फोन येतो, म्हणून आज बसून सगळं लिहिते.

गिऱ्हाईक तुमची वेबसाईट बघायची म्हणून कधीच येत नाही. त्याच्या डोक्यात एक प्रश्न असतो, तो ते गुगलमध्ये टाईप करतं नाहीतर माईकचं बटण दाबून बोलतं, आणि त्याचं उत्तर ज्या पानावर दिसतं तिथं जातं. आता तुमच्या साईटवर काय लिहिलंय ते उघडून बघा. "दर्जेदार सेवा, वाजवी दर, ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय." हे कुणी कधी शोधलंय काय? तुमच्या गल्लीतल्या दहा दुकानांच्या बोर्डावर हेच वाक्य चालेल, मग गुगलनं तुम्हालाच वर का दाखवावं?

म्हणून मी काम घेतानाच सांगते, गल्ल्याजवळ एक वही ठेवा आणि फोनवर, व्हॉट्सॲपवर, दुकानात येऊन लोक जे विचारतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. कुंद्याचं, म्हणजे आपल्या बेळगावच्या दुधाच्या मिठाईचं, दुकान असेल तर लोक विचारतात, कुंदा फ्रीजच्या बाहेर किती दिवस टिकतो, पुण्याला कुरिअरनं पाठवता काय, अर्धा किलोचं पॅकिंग आहे का, विमानात नेता येतो का. एवढ्या चार प्रश्नांची खरी, नीट, आकड्यांसकट उत्तरं लिहिली की तुमचं पहिलं कामाचं पान झालं. खानापूरच्या होमस्टेला लोक विचारतात पावसाळ्यात गाडी दारापर्यंत येते का, मोबाईलला रेंज कुठल्या कंपनीची आहे, चोर्ला घाटातनं गोव्याला जाताना मधे जेवायला थांबता येईल का, भीमगडच्या जंगलात जायला परवानगी लागते का. त्या पोरांना ही उत्तरं तोंडपाठ आहेत, रोज देतात, पण साईटवर मात्र "निसर्गाच्या कुशीत" एवढंच आणि एक ड्रोनचा व्हिडिओ. व्हिडिओ छान आहे, पण लहान लेकरू घेऊन येणाऱ्या बाईला हवी असलेली माहिती त्यात कुठं आहे?

फौंड्रीचं तर अजून वेगळं. तिथं साईट वाचणारा माणूस म्हणजे पुण्यातल्या नाहीतर कोइमतूरमधल्या कंपनीचा परचेस ऑफिसर, तो रील बघून ऑर्डर देत नाही. त्याला कळायला हवं की ओतीव लोखंडाच्या ग्रेडपैकी तुम्ही एफजी २६० करता की एसजी ५००/७ पण करता, किती किलोपर्यंतचं कास्टिंग एका ओतण्यात निघतं, पॅटर्न त्यांचा चालतो की तुम्ही करून देता, मशिनिंग तुमच्याकडंच होतं की बाहेर जातं, टेस्ट सर्टिफिकेट देता का. काकांकडं हे सगळं डोक्यात होतं आणि थोडं कोटेशनच्या फायलीत. आम्ही ते बाहेर काढलं, प्रत्येक ग्रेडला एक पान केलं, भट्टीचे, मोल्डिंगचे, तयार मालाचे शॉपफ्लोअरवरचे साधे मोबाईल फोटो टाकले, सगळं इंग्रजीत, कारण तो वाचणारा इंग्रजीत शोधतो. त्यानंतर फोन कमी आले तरी चालतील असं काकाच म्हणायला लागले, कारण जे येतात ते ड्रॉइंग हातात घेऊनच येतात.

याला आता कंटेंट मार्केटिंग म्हणतात आणि त्याचे महागडे कोर्स निघालेत, पण आपल्या भागाला हे नवीन नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलींचं दुकान काढलं ते आपल्या बेळगावातच. पुढं लोखंडी नांगर केला तर शेतकरी घेईनात, लोखंडानं जमीन खराब होते अशी लोकांची समजूत होती. तिथं नुसतं "आमचा नांगर उत्तम" म्हणून काय उपयोग होणार होता, शेतकऱ्याच्या मनातल्या शंकेलाच उत्तर द्यायला लागणार होतं. नंतर किर्लोस्करवाडी वसली आणि तिथनं १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं, कारखान्याच्या मालाची माहिती लोकांपर्यंत पोचवायला, आणि वाढत वाढत ते मराठीतलं मोठं मासिक झालं. गिऱ्हाइकाला उपयोगी पडेल असं नियमित लिहीत राहायचं, एवढंच तर त्यात होतं. मला या गोष्टीचा फार अभिमान वाटतो आणि मी ती प्रत्येक नव्या क्लायंटला सांगते, कंटाळा आला तरी ऐकून घेतात बिचारे.

आता भाषेचं. आपल्याकडं एकाच दुकानात मराठी, कन्नड, इंग्रजी आणि हिंदी बोलणारं गिऱ्हाईक सकाळपासून संध्याकाळपर्यंत येतं, मग साईट एकाच भाषेत का? पण एका पानावर सगळ्या भाषांची खिचडी नको, आणि ते आपोआप भाषांतर करणारं बटण तर नकोच नको. गुगल पानावरचा दिसणारा मजकूर वाचून भाषा ओळखतं, म्हणून प्रत्येक भाषेचं पान वेगळं, त्याचा पत्ता वेगळा, आणि एकमेकांना जोडलेलं. कन्नड मजकूर आम्ही कन्नडात विचार करणाऱ्या माणसाकडनंच लिहून घेतो, त्याचे पैसे वेगळे देतो, कारण गोकाक-बैलहोंगलचं गिऱ्हाईक दोन ओळीत ओळखतं की हे कुणीतरी भाषांतर करून ढकललंय. शहराचं नाव १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारी कागदावर Belgaum चं Belagavi झालं, तरी पुण्या-मुंबईची माणसं अजून जुनं इंग्रजी स्पेलिंगच टाईप करतात, म्हणून पत्त्यात अधिकृत नाव आणि मजकुरात सहज येईल तिथं जुनंही ठेवायचं.

आणि फॉन्ट! आपल्याकडं मजकूर येतो तो डीटीपीवाल्याकडनं, जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये टाईप केलेला, कागदावर सुंदर दिसतो पण वेबसाईटवर पेस्ट केला की नुसती चिन्हं. मग लोक म्हणतात, "त्याचा फोटोच टाका की." फोटोतला मजकूर गुगलच्या सर्चमध्ये पानावरच्या मजकुरासारखा धरला जात नाही, फोनवर तो बारीक दिसतो, कॉपी करता येत नाही, आणि ज्यांना दिसत नाही, जे पान वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरवर ऐकतात, त्यांच्यासाठी तर ते पान कोरंच. ॲनिमेशन मागनं बघू, पण मजकूर युनिकोडमध्ये नीट टाईप करायला पाहिजेच, ळ आणि ऱ्य सकट.

"पण इन्स्टावर एवढे फॉलोअर्स आहेत, वेबसाईट कशाला?" हे पण विचारतात. इन्स्टा वापरा, जरूर वापरा, साडीचा पदर कसा पडतो ते रीलमध्ये जेवढं कळतं तेवढं माझ्या पानावर कळणार नाही. पण जून २०२० च्या शेवटी टिकटॉकवर बंदी आली तेव्हा वर्षानुवर्षं व्हिडिओ करणाऱ्यांचे भारतातले फॉलोअर्स एका रात्रीत गेले. गुगलच्या बिझनेस प्रोफाईलवरनं फुकट मिळणाऱ्या वेबसाईट २०२४ च्या मार्चमध्ये गुगलनंच बंद केल्या. दुसऱ्याच्या जागेवर केलेलं काम त्याच्या मर्जीवर राहतं. म्हणून डोमेन, म्हणजे साईटचा पत्ता, तुमच्या स्वतःच्या नावावर, तुमच्या ईमेलवर, तुमच्या कार्डानं घ्या. माझ्या नावावर नको, भाच्याच्या मित्राच्या नावावर तर अजिबात नको. डोमेन डिझायनरच्या ताब्यात आणि डिझायनर बेंगळुरूला नोकरीला, फोन उचलत नाही, अशा केसेस माझ्याकडं येतच असतात आणि तेव्हा खरंच वाईट वाटतं, कारण दुकानदाराला आपली काय वस्तू दुसऱ्याकडं राहिलीय हेच माहीत नसतं.

गुगल मॅपवरचं प्रोफाईल मात्र आजच भरा. वेळ बरोबर, फोन चालू, सोमवारी बंद असेल तर तसं लिहिलेलं, रिव्ह्यूला उत्तर दिलेलं. गणपत गल्लीत उभं राहून शोधणाऱ्याला एवढं पुरतं.

आता पैसे देऊन वर यायचं. जाहिरातीला माझा विरोध नाही, सणाच्या आधी थोडे पैसे लावून आसपासच्या गावांत जाहिरात दाखवणं चांगलंच, फक्त ती जाहिरात उत्तर देणाऱ्या पानावर न्या, होमपेजवर नको. विरोध आहे तो लिंका, म्हणजे दुसऱ्या साईटवरनं तुमच्या साईटकडं येणाऱ्या बॅकलिंक, विकणाऱ्यांना. "हजार बॅकलिंक देतो, पहिल्या पानावर आणतो" असे ईमेल सगळ्यांनाच येतात. रँकिंगसाठी विकत घेतलेल्या लिंका गुगलच्या नियमाविरुद्ध आहेत, गुगलनं २०१२ मध्ये सर्चमध्ये केलेल्या पेंग्विन नावाच्या बदलानं असल्या साईट खाली ढकलल्या होत्या. आणि पानाच्या कोडमधल्या, वाचणाऱ्याला न दिसणाऱ्या कीवर्ड टॅगमध्ये शंभर शब्द भरून देणारे अजून आहेत, तो टॅग गुगल रँकिंगला धरत नाही हे गुगलनंच २००९ मध्ये जाहीर केलंय. लिंक हवी असेल तर ओळखीतली खरी मिळवा, तुमचा पुण्यातला डीलर त्याच्या साईटवर तुमचं नाव टाकेल, असोसिएशनच्या मेंबर यादीत तुमचं पान जोडता येईल, ज्या कॉलेजची मुलं तुमच्याकडं इंटर्नशिप करतात ते कॉलेज लिहील. मागायला लाजू नका.

अथणीच्या चपलांचं उदाहरण मला नेहमी सुचतं. गिऱ्हाईक हमखास विचारतं, तुम्ही अथणीचे, मग चप्पल कोल्हापुरी कशी? त्याचं उत्तर आहे, २०१९ साली कोल्हापुरी चपलेला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ते महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकाच्या चार जिल्ह्यांना मिळून, त्यात बेळगाव आहे. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या मिलानमधल्या शोमध्ये तसल्याच चपला दिसल्या आणि या चपलेची चर्चा देशभर सुरू झाली. अशा दिवसात लिहायला बसून उपयोग नसतो, पान आधीच तयार पाहिजे, कातडं कुठलं, कमवायचं कसं, शिवण कशाची, जोडीला किती दिवस लागतात, माप कसं घ्यायचं, सगळं कारागिराच्या तोंडून ऐकून लिहिलेलं. हे त्या कारागिरांशिवाय कुणाला लिहिता येणार नाही आणि मला मनापासून वाटतं की ते त्यांच्याच नावानं नेटवर असावं.

किती दिवस लागतील? गुगलचीच माणसं चार महिने ते एक वर्ष सांगतात आणि माझाही अनुभव तसाच आहे. म्हणून दिवाळीच्या कुंद्याचं पान आषाढात चढवायला घ्या, आश्विनात फोन करू नका. त्यात वजनं, दर, कुठल्या गावाला कुरिअर किती दिवसात पोचतं आणि ऑर्डरची शेवटची तारीख लिहा. पुढच्या वर्षी नवीन पान काढू नका, त्याच पानावर तारखा आणि दर बदला, लिंक तीच ठेवा, म्हणजे यंदा मिळालेली जागा पुढच्या दिवाळीलाही उपयोगी येईल.