आमची वाटचाल: चाळीस हॉर्सपॉवरवरून साठवर

होडीच्या मागे बाहेरून लावतात त्या इंजिनाला, आउटबोर्डला, मालवणात कोणी आउटबोर्ड म्हणत नाही, मशीन म्हणतात, आणि मशीन बसलं की माझ्याकडे आणतात. 2004पासून. सुरुवात झाली दांडी किनाऱ्याच्या वाटेवर माडाखालच्या पत्र्याच्या शेडमध्ये. हत्यारं म्हणाल तर एक पान्यांचा सेट, फ्लायव्हील पुलर, कॉम्प्रेशन गेज आणि एक इम्पॅक्ट ड्रायव्हर, तो ज्याच्या डोक्यावर हातोडा घातला की टोक फिरतं. खाऱ्या पाण्यातल्या मशीनचा स्क्रू ज्याने कधी सोडवलाय त्याला वेगळं सांगायला नको. स्क्रू स्टीलचा, बॉडी अॅल्युमिनियमची, मध्ये मीठ, तीन वर्षांत दोघं एकजीव होतात, साध्या ड्रायव्हरने जोर लावलात तर डोकं तुटून हातात येतं आणि मग ड्रिल काढून बसा रात्रभर. तो इम्पॅक्ट अजून तोच आहे, फक्त बिटं बदलली.

पार्टनर तांडेलकाका. पैसे त्यांचे, हात माझे. काकांना लिहितावाचता येत नव्हतं पण चालू मशीनच्या ब्लॉकवर लांब स्क्रू ड्रायव्हर टेकवून मूठ कानाला लावायचे आणि बेअरिंग राहिलंय की गेलंय ते सांगायचे, आणि मी गेज लावून, खोलून, दोन तास घालवून तिथेच पोचायचो. गिऱ्हाईक आलं आणि अमुक कंपनीचं चांगलं की तमुक, असं विचारायला लागलं की काकांचं एकच, "मशिनाक इचारू नको, होडयेक इचार." तेव्हा मला हे म्हाताऱ्याचं बोलणं वाटायचं.

2005 ते 2019 काय लिहू. मशिनं आली, मशिनं गेली, लग्न झालं, मुलगी झाली, शेडचं गाळ्यात रूपांतर झालं. काका 2016ला गेले.

खरी गोष्ट 16 मे 2021ची. तौक्ते चक्रीवादळ. लॉकडाऊनमुळे पर्यटन बंद होतंच, त्यात वर्षभर उधारी अडकलेली, आणि त्या रविवारी समुद्राने काय केलं ते मालवण, देवबाग, देवगडवाल्यांना विचारा. माझ्या गाळ्यावर माड पडला, पत्रे गेले. लाईट कितीतरी दिवस नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली होडी माणसांनी ओढून आणली, मशीन वाळूने भरलेलं, आणि मग रांगच लागली. चार दिवसांत एकोणीस मशिनं.

आता ह्या धंद्यातल्यांना माहीत असेल, पण नवीन पोरांसाठी सांगतो, बुडालेलं मशीन पाण्यात असतं तोवर तितकं मरत नाही जितकं बाहेर काढल्यावर मरतं. हवा लागली की गंज तासातासाने धावतो. म्हणजे बाहेर काढलं तर त्याच दिवशी खोला, गोड्या पाण्याने धुवा, प्लग काढून आडवं करून पाणी काढा, ऑईल ओता, फ्लायव्हील हाताने फिरवा, आणि जमलं तर त्याच दिवशी चालू करा. आणि हात पुरत नसतील तर उन्हात सुकवत ठेवू नका, गोड्या पाण्यात बुडवून ठेवा. मी तेच केलं. शेजारच्या हॉटेलवाल्याची हजार लिटरची टाकी मागून आणली, वरचा भाग कापला, विहिरीवरून कळशीने पाणी भरलं (पंपाला लाईट कुठे होती) आणि नंबर लागेपर्यंत पॉवरहेडं, म्हणजे मशीनचे वरचे इंजिनाचे भाग, त्यात. बघणारे हसायचे, मेस्त्री मशिनं लोणच्याला घालतो म्हणून.

एकोणीसपैकी चौदा वाचली. टू स्ट्रोक होती म्हणून. जी फोर स्ट्रोक होती त्यांच्या वायरिंगमध्ये आणि ईसीएममध्ये, म्हणजे मशीनच्या कॉम्प्युटरमध्ये, खारं पाणी गेलेलं, तिथे हात टेकले.

आणि ह्याचं बक्षीस काय मिळालं? मेन रोडला एक नवीन दुकान झालं होतं, काचेचं, आत एसी. नाव घेत नाही, गावात सगळ्यांना माहीत आहे. तिथून उठलं की हा मेस्त्री बुडालेली मशिनं पॉलिश मारून विकतो. एक पण मशीन मी विकलेलं नाही, ज्याचं त्याला परत दिलं, निम्म्यांनी तर मजुरी पण दिली नाही आणि मी मागितली नाही कारण घरं पडलेली त्यांची. पण बोलणं पसरलं. त्या सीझनला दिवाळीपर्यंत गाळ्यात कोण येईना. बायकोची पाटली बँकेत गेली. गाळा विकायचं बोलणं सुद्धा झालं होतं, बयाणा फक्त घ्यायचा राहिलेला.

त्या काळात एकच माणूस नेमाने यायचा, कोल्हापूरचे डॉक्टर. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, येतात, गेली बारा वर्षं. बावीस फुटी फायबर होडी, इथेच बांधलेली, वर यामाहाचं चाळीस हॉर्सपॉवरचं टू स्ट्रोक, एन्ड्युरो. त्यांचं मशीन पण त्या एकोणीसात होतं आणि वाचलेल्या चौदात पण. दीड वर्ष चाललं. मग 2022च्या दिवाळीनंतर समुद्रातल्या निवती रॉकवरून येताना दम टाकायला लागलं. कॉम्प्रेशन गेज लावलं, वरच्या सिलिंडरचा दाब 110, खालच्याचा 80. दोघांत दहा-पंधरा टक्क्यांच्या वर फरक नको, इथे पंचवीसच्या वर. बोरिंग करून पिस्टन टाकता आले असते, माझी मजुरी झाली असती. पण क्रँकच्या बेअरिंगचा आवाज मी काकांसारखा ड्रायव्हर लावून ऐकला आणि डॉक्टरांना सांगितलं, नवीन घ्या.

आता डॉक्टर गेले त्या काचेच्या दुकानात. गेले म्हणजे फक्त कोटेशन आणायला गेले, मला सांगून गेले, माणूस सरळ. तिथे त्यांना नव्वदचं सेकंडहँड फोर स्ट्रोक दाखवलं, नवीन साठपेक्षा स्वस्त. डॉक्टरांचे डोळे चमकत होते. "मेस्त्री, नव्वद! अर्ध्या वेळात रॉकला पोचू."

मी काही बोललो नाही. संध्याकाळी भरतीला होडी पाण्यात घेतली, जुनं चाळीस तसंच वर, आणि वाळूच्या वीस-वीस किलोच्या गोणी भरून ठेवल्या. हिशोब सोपा आहे, चाळीसचं टू स्ट्रोक सत्तरेक किलो, साठचं फोर स्ट्रोक शंभराच्या वर, नव्वदचं दीडशेच्याही वर. आधी दोन गोणी ट्रान्समला, म्हणजे मशीन टांगतात त्या होडीच्या मागच्या फळीला, टेकवून ठेवल्या, हे झालं साठ. डॉक्टरांना आणि त्यांच्या मित्राला मागच्या कोपऱ्यात उभं केलं, सुरमई लागल्यावर माणसं जिथे धावतात तिथेच. होडी बसली, पण डेकवरचं पाणी जायची जी भोकं असतात ती पाण्याच्या चार बोटं वर राहिली. मग आणखी अडीच गोणी. हे झालं नव्वद. दोन मिनिटं कोण बोललं नाही. मग डॉक्टर खाली बघून म्हणाले, "मेस्त्री, पाय भिजले."

भोकांतून पाणी बाहेर जायच्या ऐवजी आत येत होतं. ते पण धक्क्याजवळ, सपाट पाण्यात.

काका असते तर एवढंच म्हणाले असते, होडयेन सांगल्यान.

शाफ्टचं, म्हणजे मशीनपासून खाली पंख्यापर्यंत जाणाऱ्या दांड्याच्या लांबीचं, तर त्या दुकानात कोणी विचारलंच नव्हतं. डॉक्टरांचा ट्रान्सम वीस इंचाचा, ते नव्वद होतं पंचवीसच्या शाफ्टचं. म्हणजे पाच इंच फुकट पाण्यात, ओढ वाढणार, पाणी उडणार, आणि आपल्या देवबागच्या संगमावर ओहोटीला वाळूत पंखा (प्रोपेलर) घासणार ते वेगळंच. पंख्याच्या वरची जी आडवी प्लेट असते ती होडीच्या तळाच्या रेषेत किंवा बोटभर वर यायला हवी, टेप लावा आणि बघा, पाच मिनिटांचं काम आहे, पण विकणाऱ्याला ते पाच मिनिटं जड जातात.

तेच नव्वद नंतर दुसऱ्या एका होडीवाल्याने घेतलं. सहा महिन्यांत ट्रान्समला केसाएवढी चीर गेली, आतलं प्लायवूड कुजलेलं होतंच, वर एवढं वजन. आणि बोल कोणाला? मला. कारण चार वर्षांपूर्वी जुन्या मशीनचे बोल्ट मी मारले होते. गावात दोन महिने हेच चालू. मी त्याच्या घरी जाऊन लाकडी हातोडीने ट्रान्सम ठोकून दाखवला, चांगला असेल तर टणक वाजतो, कुजला असेल तर ओल्या नारळासारखा बद्द वाजतो, त्याचा बद्द वाजला आणि बोल्टच्या भोकांपासून लांब, पार खालच्या कोपऱ्यात वाजला, तरी माझं नाव लागलं ते लागलंच. असो. असो म्हणतोय पण विसरलेलो नाही.

डॉक्टरांनी साठचं नवीन फोर स्ट्रोक घेतलं, वीस इंच शाफ्ट. कंपनी कोणती ते मुद्दाम लिहीत नाही, कारण मग सगळे तेवढंच वाचतात. मी एकच बघितलं की इंपेलर (मशीन थंड ठेवायला पाणी ओढणारं रबरी चाक), थर्मोस्टॅट, ऑईल फिल्टर हे दोन दिवसांत हातात येतं की नाही. सीझनमध्ये पार्टसाठी पंधरा दिवस होडी उभी राहिली तर तुमच्या हॉर्सपॉवरची आरती करायची का?

आणि गरवणाऱ्यांसाठी खरी गोष्ट वेगळीच आहे. तुम्ही दिवसातला तासभर जोरात जाता, बाकी चार-पाच तास ट्रोलिंग, म्हणजे गळ मागे सोडून हळूहळू होडी चालवणं, मशीन आयडलच्या जरा वर. जुनं टू स्ट्रोक तिथे प्लग काळे करतं, पेट्रोलमध्ये पन्नासला एक मिसळलेल्या ऑईलचा धूर वारा मागून असला की सरळ तोंडात, आणि आवाजात बोलता येत नाही. फोर स्ट्रोक तिथे पैसे वसूल करतं. डॉक्टर वहीत लिहितात, आधी ट्रिपला पंचेचाळीस-पन्नास लिटर जायचं, आता तीसच्या आत. पण कोणी रापणीला (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं), जाळ्याला, रोज वाळूवर होडी ओढायला मशीन घेत असेल तर त्याला मी अजून पण हलकं टू स्ट्रोकच सांगतो, दोन माणसं उचलतात आणि कुठलाही मेस्त्री खोलतो.

पंखा मात्र पहिल्या झटक्यात चुकला, माझाच. तेरा पिचचा लावला (पिच म्हणजे पंखा एका फेऱ्यात किती इंच पुढे सरकेल ते माप), फुल थ्रॉटलला 4700 च्या वर जाईना, मॅन्युअलात 5000 ते 6000. चार माणसं, बर्फाची पेटी, फुल टाकी, ओझं मी धरलंच नव्हतं. पिच एक इंच कमी केला की आरपीएम दीडशे-दोनशेने चढतो, म्हणून अकराचा लावला, 5100 आले. टॉप स्पीड जरा गेला असेल, मशीन सुटलं. बदलीचा पंखा माझ्या खर्चाने, तेवढी लाज आहे.

आणखी एक, पेट्रोल. 2023पासून पंपावर वीस टक्के इथेनॉलवालं यायला लागलं, ते हवेतलं पाणी ओढतं. पावसाळ्यात बंदीच्या काळात अर्धी टाकी भरून ठेवलीत तर नारळी पौर्णिमेला खाली पाण्याचा थर आणि कार्बोरेटरमध्ये हिरवं शेवाळासारखं काहीतरी मिळेल. टाकी रिकामी करा, वॉटर सेपरेटर फिल्टर लावा, आणि जुन्या मशीनचे रबरी पाईप बदलाच.

गाळा शिल्लक आहे. पाटली मागच्या वर्षी सोडवली. काचेचं दुकान पण आहे, एसी चालू असतो. गेल्या सीझनला तिथून घेतलेली तीन मशिनं माझ्याकडे आली, शाफ्ट बदलून मिळेल का विचारायला.

डॉक्टरांचं जुनं चाळीस गाळ्यात स्टँडवर टांगलंय, विकायचं नाही म्हणालेत. आणि डॉक्टर, हे वाचत असाल तर मीटर तीनशे तासांच्या पुढे गेलाय, मागच्या वेळी मशीन थंड करणाऱ्या पाण्याची पिचकारी बारीक पडत होती, इंपेलर मागवून ठेवलाय. शनिवारी येताना होडी आधी गाळ्याकडे.