बॉल सोडता येतो का त्याला?

रविवारी चिमणबागेवर भाच्याची सॉफ्टबॉलची मॅच बघून आलो तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय, म्हणून लिहूनच टाकतो. पोरगं १५ वर्षांचं, आपल्या वयाच्या मुलांत एकदम टॉप, आणि आता त्याला डायरेक्ट मोठ्यांच्या टीममध्ये घ्यायचं म्हणतायत. ताई खूष, भावजी खूष, आणि ताई मला म्हणते तूच सांग बाबा, तू रोज पहाटे उठून ते अमेरिकेचं बेसबॉल बघतोस ना.

बघतो खरं. तिकडची संध्याकाळी सातची मॅच म्हणजे इंदूरला पहाटेचे साडेचार, चहा टाकायचा, आवाज बारीक करायचा आणि बसायचं. मला त्यात सगळ्यात जास्त ओढ नव्या पोरांची, खालून वर आलेला मुलगा पहिल्यांदा मेजर लीगच्या, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या लीगच्या, पिचरसमोर (बॉल टाकणाऱ्यासमोर) उभा राहतो ना, तेव्हा माझ्याच पोटात गोळा येतो.

जॅक्सन हॉलिडेचं उदाहरण अजून डोक्यातून जात नाही. २०२२ च्या ड्राफ्टमधला, म्हणजे टीम नवी पोरं निवडतात त्यातला, पहिला नंबर. २०२३ मध्ये एका सीझनमध्ये मायनर लीगच्या, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या लीगच्या, चार पायऱ्या चढला, सिंगल ए, हाय ए, डबल ए, ट्रिपल ए, वय १९ आणि ॲव्हरेज ०.३२३, म्हणजे दर तीन पाळ्यांत जवळजवळ एक हिट. यापेक्षा तयार कोण असणार? एप्रिल २०२४ मध्ये बाल्टिमोरने वर बोलावलं आणि पहिल्या १० मॅचमध्ये ३४ ॲट-बॅट (बॅटिंगच्या पाळ्या), २ हिट, १८ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद). परत खाली ट्रिपल एला पाठवला.

आता आकडे खोटे होते का, तर नाही. पण ते कोणासमोर काढले ते बघावं लागतं. ट्रिपल एमध्ये ज्याचा फास्टबॉल जबरदस्त त्याचा दुसऱ्या प्रकारचा बॉल कच्चा असतो, ज्याचं सगळं जमून आलंय तो बहुतेक आधीच वर गेलेला असतो, म्हणजे बॅटर फास्टबॉलची वाट बघत थांबू शकतो आणि तो मिळतोच. वर तसं नाही. ताशी १५३ किलोमीटरचा बॉल साधारण ०.४ सेकंदात प्लेटवर, म्हणजे बॅटरसमोर, येतो, त्यातल्या अर्ध्याच वेळात मारायचा की नाही ते ठरवायचं, आणि तिथला स्लायडर, म्हणजे वळणारा बॉल, शेवटपर्यंत स्ट्राइक (मारण्याच्या चौकटीतला) वाटतो आणि मग सरळ त्या झोनच्या बाहेर निघून जातो. म्हणून मी होमरन मोजत बसत नाही, त्यातून अल्बुकर्कीसारखं समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरच्या वरचं मैदान असेल तर हवा विरळ, बॉल उडतोच. मी बघतो की हा मुलगा बाहेरचा बॉल सोडतो का. आपल्या क्रिकेटमध्ये ऑफस्टंपच्या बाहेरचा सोडतो का बघतात ना, अगदी तेच.

स्काउट लोक २० ते ८० च्या स्केलवर मार्क देतात, ५० म्हणजे मेजर लीगमधला सरासरी खेळाडू, हिटिंग, पॉवर, स्पीड, आर्म, फिल्डिंग सगळ्याला वेगळे. चांगली पद्धत आहे. पण सलग आठवडाभर शून्य आल्यावर पोरगा काय करतो, ते या पाच आकड्यांत कुठेच दिसत नाही.

आणि एक गोष्ट मला मनापासून खटकते. "अजून तयार नाही" हे कारण कधीकधी खेळाचं नसतंच. २०१५ मध्ये क्रिस ब्रायंट या नव्या पोराने स्प्रिंग ट्रेनिंगमध्ये, म्हणजे सीझनआधीच्या सराव मॅचेसमध्ये, ९ होमरन मारले, शिकागो कब्सने सांगितलं फिल्डिंगवर काम हवंय आणि खाली ठेवला, १७ एप्रिलला वर आणला. सर्व्हिसचं, म्हणजे मेजर लीगमधल्या नोकरीचं, पूर्ण वर्ष धरायला १७२ दिवस लागतात, त्याचे भरले १७१. म्हणजे फ्री एजंट, हव्या त्या टीमशी करार करायला मोकळा, व्हायला आणखी एक वर्ष. तो त्याच वर्षी रूकी ऑफ द इयर, म्हणजे वर्षातला सर्वोत्तम नवा खेळाडू, झाला. त्याने तक्रार केली, २०२० मध्ये ती फेटाळली गेली. २०२२ च्या नव्या करारात असा मुलगा सुरुवातीपासून खेळवला आणि त्याने बक्षीस मिळवलं तर टीमला ड्राफ्टचा जादा पिक मिळायला लागला हे चांगलं झालं, पण पोराच्या तयारीबद्दल असं खोटं बोलणं मला आजही चुकीचंच वाटतं.

तर भाचा. रविवारी पहिल्या दोन वेळा समोरच्या मोठ्या पोराने चेंज-अप, म्हणजे फसवा हळू बॉल, टाकला आणि आमचा फसला, पुढचा पाय आधीच पडलेला, कंबर उघडलेली, बॅट फिरून गेली आणि बॉल मागून निवांत आला. मी जाळीच्या मागेच उभा होतो, कान लाल झालेले दिसत होते त्याचे. तिसऱ्या वेळी तोच बॉल आला, त्याचा पुढचा पाय हवेतच थांबला, वजन मागे, बॅट खांद्यावर, आणि बॉल प्लेटच्या अलीकडे मातीत पडला. पुढचाही सोडला. शेवटी वॉक मिळाला, म्हणजे चार बॉल झोनच्या बाहेर पडले म्हणून फुकट पहिला बेस. स्कोअरबुकात त्या दिवशी त्याच्या नावावर एकही हिट नाही आणि घरी सगळे हळहळत होते, पण माझ्या मते ती त्याची या वर्षातली सगळ्यात चांगली मॅच. टीम निवडणाऱ्यांनी त्याचे जुने हिट मोजलेत, हे कोणी बघितलंच नाही याचं मला वाईट वाटतं.

ताईला भीती वाटते की वर जाऊन पडला तर खचेल. मी तिला १९५१ चं न्यू यॉर्क सांगितलं. विली मेज २० वर्षांचा, मिनियापोलिसला ०.४७७ मारून वर आला आणि पहिल्या २६ ॲट-बॅटमध्ये १ हिट, मॅनेजर लिओ ड्युरोशरने तरी खेळवत ठेवला. त्याच शहरात, त्याच वर्षी, दुसऱ्या टीमचा १९ वर्षांचा मिकी मँटल जुलैत खाली पाठवला, ऑगस्टमध्ये परत आला. दोघंही पुढे बेसबॉलचे महान खेळाडू झाले. हॉलिडेसुद्धा ३१ जुलैला परतला आणि त्याच मॅचमध्ये बेस भरलेले असताना होमरन मारला. आपल्या रजत पाटीदारचंच घ्या, २०२४ मध्ये तीन टेस्टमध्ये ६३ रन आणि बाहेर, २०२५ मध्ये आयपीएल जिंकणारा कॅप्टन.

म्हणून ताईला म्हटलं जाऊ दे त्याला, फक्त कोचला आधी विचार की पहिल्या दोन मॅचमध्ये फेल गेला तर बाकावर बसवणार की खेळवत ठेवणार. नुसतं बसवायचं असेल तर खाली रोज खेळलेला बरा. ती उद्या विचारणार आहे.

आणि भाच्याचं माझ्याशी वेगळंच ठरलंय. उद्या सकाळी सहाला चिमणबाग, मी चाळीस बॉल टाकणार, त्याने बॅट घेऊन उभं राहायचं आणि एकही मारायचा नाही, फक्त ओरडून सांगायचं, बॉल की स्ट्राइक.