नऊ पौंड पंधरा पेन्स

इथे चीनमध्ये कॉलेजात शिकणाऱ्या कुणालाही नुसतं विचारा, ‘शर्ट केवढ्याला?’ उत्तर ठरलेलं असतं: नऊ पौंड पंधरा पेन्स! आणि आजूबाजूचे सगळे हसायला लागतात. मला पहिल्यांदा काहीच कळेना. मग एका मैत्रिणीने उलगडा केला. बारावीच्या इंग्रजीच्या पेपरात ऐकण्याचा भाग असतो आणि त्याच्या सुरुवातीला नमुन्याचा एक प्रश्न दिलेला असतो. दुकानात शर्टाची किंमत विचारलीय. पर्याय तीन: १९.१५ पौंड, ९.१८ पौंड, ९.१५ पौंड. उत्तर तिसरं. वर्षानुवर्षं हाच शर्ट, हीच किंमत. प्रत्येक सराव परीक्षेत तो मुलांच्या कानावर पडतो आणि शाळा सुटून दहा वर्षं झाली तरी विसरत नाही.

पण ते तीन आकडे नीट बघा. नाइन की नाइनटीन, फिफ्टीन की एटीन. ऐकण्याच्या परीक्षेची सगळी मेख त्यात आहे. कागदावर बघितलं तर चौथीतलं पोरही फरक सांगेल. कानाने पकडायचं म्हटलं की हातात एक क्षण असतो, आणि तो गेला की गेला.

मी नानजिंगला पीएचडीला आले त्याला आता तिसरं वर्ष लागलं. विषय भाषा-चाचणी, म्हणजे एखाद्याला परकी भाषा किती येते हे मापायचं कसं. शहरातल्या एका शाळेत अकरावीच्या दोन वर्गांच्या इंग्रजी ऐकण्याच्या आणि वाचण्याच्या चाचण्या मी वर्षभर घेतल्या. ‘चीनमध्ये जाऊन इंग्रजीची परीक्षा कसली घेतेस?’ असं आईपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांनी विचारलंय, म्हणून आज सविस्तर लिहिते.

आधी माझ्याच कानाची गोष्ट सांगते. होस्टेलच्या दारात बसणाऱ्या बाईंना इथे ‘आयी’ म्हणतात. चिनी भाषेत आयी म्हणजे मावशी, काकू, वयाने मोठी कुठलीही बाई. पहिले कित्येक दिवस जिन्यावरून कुणी ‘आयीऽ’ अशी हाक मारली की माझ्या पोटात कालवायचं. कोण आईला हाक मारतंय? अर्थ पाठ झाला होता, शब्द वहीत लिहिलेला होता, तरी कान आधी घरी जाऊन यायचा. कान कोरा नसतो. त्यात जे आधीपासून बसलेलं असतं, तेच तो पहिल्यांदा ऐकतो. पुढे वर्गात हेच पुन्हा पुन्हा बघायला मिळालं.

इथल्या बारावीच्या परीक्षेला ‘गाओकाओ’ म्हणतात. आपल्याकडे बोर्ड, जेईई, नीट, सीईटी अशी विभागणी तरी आहे. इथे बहुतेक सगळ्यांचं पुढचं आयुष्य या एकाच परीक्षेवर ठरतं. २०२४ साली १ कोटी ३४ लाख मुलांनी नाव नोंदवलं होतं. इंग्रजीला १५० गुण, चिनी आणि गणिताच्या बरोबरीने. देशातले बरेच प्रांत वापरतात त्या राष्ट्रीय पेपरात ३० गुण ऐकण्याला, ५० वाचनाला आणि उरलेले रिकाम्या जागा, व्याकरण आणि लेखनाला. ऐकण्याचे वीस प्रश्न असतात, साधारण वीस मिनिटांत. पहिले पाच छोटे संवाद एकदाच ऐकवतात, पुढचे लांब उतारे दोनदा. बीजिंगने तर ऐकणं आणि बोलणं वेगळं काढून संगणकावर नेलंय. ५० गुण, वर्षातून दोनदा संधी.

वर्गात पहिल्या दिवशी गेले तो प्रसंग अजून डोळ्यांसमोर आहे. पन्नासेक मुलं. प्रत्येकाच्या बाकावर पुस्तकांची एवढी उंच चळत की मागून फक्त डोकी दिसावीत. बाजूला गरम पाण्याची बाटली. फळ्याच्या वर एका कोपऱ्यात चौकोनी स्पीकर, ज्यातून घंटा, सूचना, डोळ्यांचे व्यायाम आणि इंग्रजी, सगळंच येतं. सकाळी सातला आलेली ही मुलं रात्रीचा अभ्यासही शाळेतच करतात. दुपारी जेवण झालं की बाकावरच डोकं टेकून अर्धा-पाऊण तास झोपतात, अख्खा वर्ग एकदम. या मुलांना मी आणखी एक परीक्षा द्यायला लावणार होते, याचं मला खरंच ओझं वाटलं. म्हणून ठरवलं, गुण कुणालाही सांगायचे नाहीत, पण कुठे काय निसटलं ते प्रत्येकाला बसून सांगायचं.

चाचणीसाठी उतारा मीच लिहिला. विषय घेतला काजू. इथे कोंबडीबरोबर काजू परतून खातात, तेव्हा काजूगर सगळ्यांच्या ओळखीचा. काजूचं झाड मात्र कुणीच पाहिलेलं नव्हतं. आजोळ वेंगुर्ल्याचं असल्यामुळे मी अगदी मनापासून लिहिलं: लाल-पिवळं बोंडू, त्याचा घशाला बसणारा रस, आणि फळाच्या बाहेर, खाली लोंबणारी बी. तीनशे शब्द, सोपे. एका वर्गाला उतारा छापून दिला, दुसऱ्याला ऐकवला. प्रश्न दोन्हीकडे तेच.

एक प्रश्न होता, काजूची बी कुठे असते? वाचणाऱ्या वर्गात जवळपास सगळ्यांचं बरोबर. ऐकणाऱ्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांनी लिहिलं, फळाच्या आत. उताऱ्यात ‘आउटसाइड’ हा शब्द स्वच्छ होता आणि तो तिसरी-चौथीपासून माहीत असलेला. मी नंतर एका मुलाला विचारलं. तो म्हणाला, ‘लाओशी, बी आतच असते ना? मला वाटलं मीच चुकीचं ऐकलं.’ लाओशी म्हणजे बाई, गुरुजी. त्याने शब्द ऐकला होता आणि स्वतःच खोडला होता. वाचणाऱ्यालाही तीच शंका आली असणार, पण त्याला मागे जाऊन ते वाक्य पुन्हा बघता आलं. ऐकणाऱ्याला मागे जाण्याची सोय नसते, मग तो शंकेची जागा आपल्या माहितीने भरतो.

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. त्या मुलाचा गुण गेला तो इंग्रजी कच्चं म्हणून गेला नाही. उत्तरपत्रिकेवर मात्र इंग्रजी कच्चं असणाऱ्याची आणि त्याची फुली सारखीच दिसते.

वाचनात ही मुलं किती तरबेज आहेत, ते जवळून बघायला हवं. लांबलचक वाक्य समोर आलं की पेन्सिल निघते. कर्त्याखाली रेघ, क्रियापदाला गोल, आणि ‘हू’, ‘विच’ने सुरू होणारं पोटवाक्य कंसात टाकून बाजूला. चिनीत विशेषण सांगणारं सगळं नामाच्या आधी येतं: ‘काल आलेला माणूस’. इंग्रजीत माणूस आधी आणि तो काल आला हे मागून. आपल्या मराठीचीही रचना चिनीसारखीच, म्हणून मी वर्गात मराठी वाक्य फळ्यावर लिहून दाखवलं. माझ्या भाषेतही माणूस शेवटी येतो म्हटल्यावर मुलांना एवढा आनंद झाला! इंग्रजीच्या तासाला आपल्यासारखंच उलटं चालणारं कुणीतरी आहे, हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं.

पण या तरबेजपणाचा एक धोका चाचणी काढणाऱ्याला असतो. एका मुलीने माझा वाचनाचा पेपर इतक्या लवकर संपवला की मी चकित झाले. विचारलं तर म्हणाली, दोन प्रश्नांना उतारा वाचायची गरजच नव्हती. चार पर्यायांपैकी सर्वांत लांब आणि सर्वांत सावध पर्याय बरोबर असतो. ती खरं बोलत होती. त्या रात्री मी उतारा झाकून एका मैत्रिणीला सगळे प्रश्न सोडवायला लावले आणि जे तसेच सुटले ते काढून टाकले. शेवटी पर्यायच काढले. मुलांनी उत्तर स्वतः लिहायचं, आणि तेही चिनीत. मला त्यांचं समजणं मापायचं होतं, इंग्रजी लेखन नाही. तपासायला जास्त वेळ लागला, शाळेतल्या एका बाईंची मदत घ्यावी लागली, पण त्या उत्तरांतून मुलं काय समजली ते पहिल्यांदा दिसलं.

ऐकण्याची खरी अडचण कुठे आहे ते ‘शोल्डर’वरून कळलं. एक वाक्य होतं, ‘ही शुड हॅव टोल्ड हर’, त्याने तिला सांगायला हवं होतं. बोलताना इंग्रज माणूस हे पाच शब्द पाच करून म्हणत नाही, ‘हिशुडव्टोल्डर’ असं एका दमात म्हणतो. श्रुतलेखन घेतलं तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीने लिहिलं होतं: ‘ही’, मग मोकळी जागा, मग ‘शोल्डर’. खांदा! तेच वाक्य फळ्यावर लिहिल्यावर तिने अर्थ तर सांगितलाच, शिवाय ‘शुड हॅव’ कधी वापरतात ते व्याकरणाच्या नियमासकट सांगितलं. पाचही शब्द तिला डोळ्यांनी येत होते. कानाने एकही नाही.

यात मुलांचा काय दोष? मँडरिनमध्ये, म्हणजे प्रमाण चिनीत, शब्द स्वरावर संपतो, नाहीतर ‘न्’सारख्या अनुनासिकावर, फार तर ‘र्’वर. ‘आस्क्ट’च्या शेवटी तीन व्यंजनं एकमेकांवर आदळतात, ती ऐकायची सवय कानाला लागणार कुठून? त्यात चिनी क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही, म्हणजे शब्दाच्या शेपटाकडे लक्ष द्यायचं वळणच नाही. २००१ पासून इथे तिसरीपासून इंग्रजी आहे. ही मुलं आठ-नऊ वर्षं इंग्रजी शिकलीत. त्यातलं बहुतेक छापील. आपल्याकडे २००० पासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं, तरी आमच्या तालुक्याच्या शाळेत इंग्रजी ऐकू यायचं ते बाईंच्या तोंडून, धडा वाचताना. त्यामुळे त्या ‘शोल्डर’वाल्या मुलीकडे बघताना मला परकं काहीच वाटलं नाही.

आकड्यांचंही तसंच. चिनीत दहा हजारांना स्वतंत्र शब्द आहे, ‘वान’. दीड लाख म्हणजे पंधरा वान. इंग्रजीत ‘हंड्रेड अँड फिफ्टी थाउजंड’ ऐकलं की मूल आधी मनात शून्यं मोजतं, तोवर पुढची दोन वाक्यं निघून जातात. लाख-कोटीत वाढलेल्या आपल्याला हे वेगळं सांगायला नको.

एक चूक माझ्याकडून झाली, तीही लिहिते. पहिला उतारा मी स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित केला होता. त्यात बंडी या अर्थाचा ‘वेस्ट’ आणि पश्चिम दिशेचा ‘वेस्ट’ यांतला फरक ओळखायचा एक प्रश्न होता. इंग्रजीत दोन्हींचा पहिला आवाज वेगळा. देवनागरीत लिहिले तर दोन्ही सारखेच, आणि माझ्या तोंडूनही दोन्ही सारखेच निघाले. वर्षानुवर्षं इंग्रजी बोलूनही मला हे कधी जाणवलं नव्हतं. मुलांनी जे ऐकलं तेच लिहिलं आणि मी त्यांचं उत्तर चूक ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन मी त्यांची माफी मागितली आणि प्रश्न रद्द केला. मात्र माझा आवाज पुढच्या चाचणीतून पूर्ण काढावा, हे मार्गदर्शकांचं म्हणणं मला पटलं नाही. स्टुडिओतला स्वच्छ ब्रिटिश किंवा अमेरिकन आवाज ऐकून तयार झालेला कान उद्या मुंबईच्या, लागोसच्या, मनिलाच्या माणसाशी बोलणार आहे. बराच वाद झाला. शेवटी दोन उतारे स्टुडिओतले आणि एक माझा, असं ठरलं.

त्यानंतर सहा आठवडे मी आठवड्यातून दोनदा, संध्याकाळच्या अभ्यासाच्या तासातली वीस मिनिटं मागून घेतली. एकच वाक्य आठ-दहा वेळा ऐकायचं, प्रत्येक शब्द लिहून काढायचा, मग त्याच वेगाने, शब्द चिकटवून, मोठ्याने म्हणायचं. इथले शिक्षकही हे करून घेतात; मी फक्त म्हणण्यावर भर दिला. तोंडातून एकदा ‘शुडव्’ निघाला की कानाला तो सापडतो. वर्गात हसू, गोंधळ, आणि मग हळूहळू वह्यांतल्या मोकळ्या जागा कमी व्हायला लागल्या.

त्या मुलांनी या जूनमध्ये गाओकाओ दिली. ८ जूनला दुपारी इंग्रजीचा पेपर, तीन ते पाच. ऐकण्याचा भाग सुरुवातीलाच, त्यामुळे पावणेतीननंतर आलेल्याला आत घेत नाहीत. मी शाळेच्या फाटकाबाहेर जाऊन उभी राहिले. यशाचा शकुन म्हणून किती तरी आया लाल छीपाओ, म्हणजे पारंपरिक चिनी झगे, घालून आल्या होत्या. रस्त्यावर पोलीस हात आडवा करून गाड्यांना हॉर्न वाजवू नका म्हणून सांगत होता. पलीकडच्या इमारतीचं बांधकाम बंद होतं. पाण्याच्या बाटल्या विकणाऱ्याने आपला भोंगा आधीच गुंडाळून ठेवला होता. तीन वाजले आणि एवढा मोठा रस्ता, चिनारांच्या दोन रांगा, शेकडो माणसं, सगळं गप्प झालं.

माझ्या शेजारी एक गृहस्थ उभे होते, हातात मुलीची पाण्याची बाटली. त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, ‘मागच्या बाकापर्यंत आवाज पोचत असेल ना?’

मी म्हटलं, ‘पोचतो. आधीच प्रत्येक वर्गात वाजवून बघतात.’