पायथन ३.१४
आज दिवसभर पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या ३.१४ आवृत्तीशी खेळत बसलो. आवृत्ती ऑक्टोबर २०२५ ची, मला मुहूर्त आत्ता लागला. सगळा गाजावाजा जीआयएल (एका वेळी एकाच थ्रेडला, म्हणजे प्रोग्रॅममधल्या कामाच्या एकाच धाग्याला, पायथन कोड चालवू देणारं कुलूप) नसलेल्या बिल्डचा. तो आता प्रायोगिक नाही, अधिकृत आहे. थ्रेड्स खरोखरच वेगवेगळ्या कोअरवर एकाच वेळी धावतात. पण एकाच थ्रेडचा कोड त्यात साधारण ५ ते १० टक्के हळू चालतो, आणि हा बिल्ड वेगळा घ्यावा लागतो. मी तरी घाई करणार नाही.

जीव जडला तो एका छोट्या बदलावर. टाइप हिंट्सचा (कोणती गोष्ट कोणत्या प्रकारची ते सांगणाऱ्या कोडमधल्या नोंदींचा) अर्थ आता गरज पडेल तेव्हाच लावला जातो, त्यामुळे खाली येणाऱ्या क्लासचं नाव वर लिहिताना अवतरणचिन्हांची कसरत संपली! जुन्या फायलींतून ती चिन्हं उडवताना काय मजा आली म्हणून सांगू. टी-स्ट्रिंग्ज (मजकुराचे नवे साचे) उद्या बघतो.